सारजाबाईचं वाऱ्याशी वाकडं

मुठा गावात सारजाबाईच्या तोंडाला कोणी लागत नाही, हे साऱ्या आळीला ठाऊक. वाऱ्याला तेवढं कोणी सांगितलं नव्हतं. गेली पस्तीस वर्षं तो डोंगरावरून उतरायचा तो थेट तिच्या घरात. दिवा विझवायचा, कालवणात राख टाकायचा आणि पाहुणचार झाल्यासारखा मागच्या अंगानं निघून जायचा. सांजवात लावायला सारजाबाईला तीन काड्या लागायच्या आणि प्रत्येक काडीला वेगळी शिवी.

बाकी बाई कुणाला हार जाणारी नव्हे. लावणीला उभी राहिली की चिखलातल्या चार बाया मागं पडायच्या. आठवड्याचे पाच दिवस ती शनिवार-रविवारवाल्यांच्या बंगल्यांची झाडलोट करायची. तिथल्या खिडक्या फ्रिजच्या दारासारख्या गच्च बसतात हे तिनं पाहिलं होतं. पण ते बंगल्यांचं झालं. आपल्या घरात वारं असायचंच, जशा भिंतीत पाली असतात. खिडकीला गोणपाट लावला की आपण आपलं केलं, अशी तिची समजूत. नवरा बहिरू एका बंगल्यावर राखणदार. त्याला झोप लागायला कसलंच हवामान आडवं येत नाही, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती.

वाऱ्याचं हे प्रकरण चिघळलं ते माणमध्ये, लेकीच्या डोहाळजेवणात.

लेक रेश्मा माणला दिलेली. तिथं सासूबाई नलिनीबाईंची तीन मजली इमारत, खोल्या-खोल्यांतून हिंजवडीच्या कंपन्यांतली पोरं भाड्यानं. सारजाबाई साडी, गजरे, पाच तऱ्हेचे लाडू घेऊन गेली. दिवाळी झाली की पोरीला पहिल्या बाळंतपणाला घेऊन यायचं, हे तिच्या लेखी ठरलेलंच होतं. नलिनीबाईंनी ओटी भरता भरता, आख्ख्या भावकीसमोर सांगितलं, "बाळंतपण इथंच होणार बरं का विहीणबाई. खालची एसीची खोली रिकामी करून घेतलीय."

"पयलं बाळंतपण म्हायेरी असतंय, ईनबाई."

"असतं हो. पण माहेराला भिंती असाव्या लागतात." बाया फिसकन हसल्या. नलिनीबाईंना आणखी चेव आला. "मागच्या दिवाळीत तुमच्याकडं आले होते, दार लावून बसले तरी माझा पदर उडत होता! ओल्या बाळंतिणीच्या कानाला वारं लागलं तर जन्माचं दुखणं. उगाच हट्ट नको."

आता वारं लागण्याचा धाक असा की त्याच्यापुढं आपल्याकडं डॉक्टरसुद्धा गप्प बसतो. कान बांधायचे, दारं लावायची, हे शिकवणारी सारजाबाईच. तिचीच शिकवणी तिच्या अंगावर आली. रेश्मा पाटावर मान खाली घालून बसलेली. सारजाबाईनं एकदा लेकीकडं पाहिलं, एकदा बायांकडं. मग ती उठली, देवापुढच्या केळ्यात खोचलेली पेटती उदबत्ती उपटली आणि तरातरा त्या एसीच्या खोलीत गेली. बाया मागोमाग. असा कार्यक्रम डोहाळजेवणात रोज थोडाच असतो!

भिंतीतून एसीची नळी बाहेर जाते तिथं तिनं उदबत्ती धरली. धूर सरळ वर जायचं सोडून आडवा झाला आणि भोकातून सुळकन बाहेर पळाला. दाराखाली धरली, तिथंही तेच.

"ईनबाई, तुमचा एसी समद्या माणला गार करतोय की! बाळंतिणीला काय उरतंय का न्हाई?"

आता बाया नलिनीबाईंकडं बघून हसल्या. नलिनीबाईही काही कच्च्या नव्हेत. "आमच्या खोलीला फट असेल. तुमच्या फटीला घर आहे!"

सारजाबाईचे कान लाल झाले. "दिवाळीनंतर रेश्माला घेऊन या. सकाळच्या वाऱ्याला या. दार लावा, तुमच्या हातानं उदबत्ती लावा. धूर हालला तर मी सोता रेश्माची पिशवी तुमच्या गाडीत ठेवीन. न्हाई हालला, तर पोरगी त्याच दिवसापास्नं माझ्याकडं."

"शब्द?"

"शब्द."

परतीच्या वाटेवर बहिरू म्हणाला, "अगं, शब्द देताना घर तरी आठवायचं."

"आठवूनच दिलाय. गप चला."

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिनं दारं-खिडक्या लावल्या आणि उदबत्ती घेऊन आतल्या खोलीच्या भिंतीभिंतीनं फिरू लागली. पहिला धक्का तिथंच बसला. ज्या खिडकीला दहा वर्षं गोणपाट नेसवला, तिथं धूर नुसता डुलत होता. खरी चोरवाट वर होती, भिंत संपून कौलं सुरू होतात तिथल्या सांध्यात. लाईटच्या बोर्डामागनं वारं येत होतं. वायरच्या भोकातनं, चौकटीच्या कडेनं, उंबऱ्याखालनं येत होतं. जिथं धूर हालेल तिथं ती गेरूचं बोट लावायची. दुपारपर्यंत भिंतीला गोवर आल्यासारखं दिसायला लागलं.

मग पंधरा दिवस आळीनं तमाशा पाहिला. कौलांखालनं तिनं प्लास्टिकचा कागद ताणून बसवला, वरच्या सांध्यात विटांचे तुकडे ठोकले. माती, शेण आणि भाताचा तूस मळून त्यावर लिंपण केलं. बंगल्यांच्या खिडक्या बसवणारा सुधीर तिच्या ओळखीचा. त्याच्याकडनं सिलिकॉनची अर्धी उरलेली नळी मागून आणली आणि चौकटीच्या कडा भरल्या. जुन्या लुगड्याच्या वेण्या घालून खिडकीच्या खाचेत कोंबल्या. बहिरूच्या सायकलची ट्यूब उभी चिरून दाराच्या चारी कडांना बारीक चुका ठोकून बसवली.

"सायकल काय हवेशिवाय चालवू?" बहिरूनं विचारलं.

"तुमी कवा चालवलीय? तुमी तिला टेकून झोपता."

शेवटी आढ्याखालचं, धूर जायला ठेवलेलं धुराडं तेवढं उरलं. वारं तिथनंही येत होतं. सारजाबाई शिडीवर चढली आणि मातीचा गोळा करून तेही बुजवलं. उदबत्ती लावली. धूर दोरीसारखा सरळ. खाली उतरून तिनं डोंगराकडं तोंड करून अंगठा दाखवला.

आता रंगीत तालीम. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची आपल्याकडची रीत. त्यावर ओवा, वावडिंग टाकून धुरी द्यायची. बाळंतीण हाताशी नव्हती, म्हणून बहिरूला बाजेवर निजवलं, कानाला मफलर बांधला, शेगडी खाली सरकवली, दार लावून घेतलं. बहिरू मुळात झोपण्यातला दर्दी, त्याला हे काम मानवलं.

"सारजे, डोकं जड पडलंय गं," जरा वेळानं तो म्हणाला.

"बाळंतिणीनं कुरकुर करू न्हाई."

तो कुरकुरायचा थांबला. सारजाबाईला वाटलं, नेहमीप्रमाणे झोपला. गोधडी सारखी करायला ती उठली, तर भिंत गोल फिरली. एवढ्या जन्मात ती कधी चक्कर येऊन पडली नव्हती, म्हणून तिला आधी कळेना की हे आहे काय. मग शेगडी दिसली, बहिरूचा लोंबणारा हात दिसला. तिनं दाराला हिसका दिला. दार उघडेना. ट्यूब इतकी चोख बसली होती की दार चौकटीला चिकटून बसलेलं. दुसऱ्या हिसक्याला, पाय भिंतीला लावून ओढल्यावर, ते निघालं. बहिरूला पाय धरून तिनं ओट्यावर ओढला.

मोकळ्यावर आल्यावर तो ओकला. मग डोळे किलकिले करून विचारलं, "काय झालं? पोरगा का पोरगी?"

सारजाबाई हसली आणि हसता हसता मटकन खाली बसली. मग तिला पुढचं दिसायला लागलं. बाजेवर बहिरू होता म्हणून डोकं जड पडल्याचं बोलला तरी. रेश्मा असती, कुशीत चार दिवसांचं लेकरू असतं, दोघं निजलेली समजून आपण बाहेरनं दार ओढून घेतलं असतं... येणारं वारं अडवलं, त्या नादात जाणारंही कोंडलं.

त्याच दिवशी तिनं धुराडं कोयत्यानं फोडलं. त्यात डोंगराच्या उलट्या अंगाला शाळेच्या वहीएवढं भोक ठेवलं, त्याला तेलाच्या डब्याच्या पत्र्याचं झाकण केलं, झाकणाला दोरी. शेगडी उचलून ओट्यावर आणली. शेजारची सोनीमावशी कपाळाला हात लावून आली.

"शेगडीबिगर बाळंतपण? पोरीची कंबर धरल, सारजे! माझ्या आठही बाळंतपणांत शेगडी व्हती."

"तवा भिंतीतनं आरपार गाव दिसत व्हता, मावशे. आता भिंती मिटल्यात. आत निखारा येणार न्हाई. गरम पाण्यानं शेकीन, दुपारी खिडकी उघडून ऊन दावीन."

"लोक काय म्हणत्याल?"

"माझ्या ओट्यावर येऊन म्हणायला सांगा."

आणि गंमत अशी की शेगडीची गरजच उरली नव्हती. दिवसभराची ऊब भिंतींनी धरून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे बहिरूनं गोधडी पायानं लोटली. लग्नापासून हे पहिल्यांदा घडत होतं.

कार्तिकात नलिनीबाई आल्या, रेश्माला गाडीत घेऊन. सकाळची वेळ, वारं नारळाच्या झावळ्या पिंजत होतं. उदबत्तीचा पुडा त्यांनी स्वतःचा आणला होता. उगाच कुणाच्या उदबत्तीवर विश्वास टाकायच्या बाई नव्हेत त्या. दार लागलं. नलिनीबाई खिडकीपाशी गेल्या, बोर्डापाशी गेल्या, उंबऱ्याशी वाकल्या, टाचा उंचावून सांध्यापाशी हात नेला. धूर आपला सरळ. त्यांचा पदरही कधी नव्हे तो खांद्यावर नांदत होता.

मग त्या धुराड्याखाली आल्या. धूर झुकला, वर ओढला गेला, भोकातून बाहेर पडला.

"हलला!" नलिनीबाई जवळजवळ उडाल्या. "बघा, हलला!"

सारजाबाईनं दोरी ओढली. झाकण बसलं, धूर सरळ झाला. नलिनीबाईंचं तोंड उतरलं. आणि आळीत आजही ज्याच्यावर वाद चालतात ते सारजाबाईनं तिथं केलं. तिनं दोरी सोडून दिली. झाकण उघडलं, धूर पुन्हा झुकला.

"झाकून जितता आलं असतं मला," ती म्हणाली. "पर त्ये उघडंच ऱ्हानार. आत माझी लेक आन नातवंड श्वास घेणार हायेत. म्या सोता बुजवून बघितलंय, ह्यांना पायाला धरून भायेर काढलंय. धूर हालला म्हणता, तर हालला. पैज तुमची."

"शब्द म्हणजे शब्द, विहीणबाई," नलिनीबाई म्हणाल्या, पण आवाज आता खाली आलेला.

"व्हय. पिशवी कुटं हाय?"

पिशवी रेश्माच्या हातात होती. एवढा वेळ पोर दाराशी गुपचूप उभी होती. माणच्या घरात मोठ्यानं बोललेली तिला कुणी ऐकलं नव्हतं. ती आत आली, पिशवी बाजेवर ठेवली, तिच्यातून रुमाल काढला आणि सासूसमोर कानाला बांधला.

"आत्याबाई, शब्द तुम्ही दोघींनी दिला," ती म्हणाली. "मी न्हाई. मी हितंच ऱ्हाणार."

नलिनीबाईंनी उदबत्ती उंबऱ्यावर दाबून विझवली. बहिरू म्हणाला, "चहा टाकू का?" आणि कुणी हो म्हणायच्या आधी निसटला.

नलिनीबाईंनी चहा घेतला. बशी ठेवून त्या दाराकडं गेल्या, ट्यूबची पट्टी बोटानं दाबून पाहिली. "ही सायकलचीच का हो? आमच्याकडं मोटारसायकलीची आहे. चालेल?"

"चालंल. पर वर कायतरी उघडं ठेवा, ईनबाई. तुमची भाडेकरू पोरं गुदमरतील."

पौषात दवाखान्यातून चौथ्या दिवशी रेश्मा घरी आली, कुशीत मुलगी. सोनीमावशी काजळ घेऊन बघायला आली आणि सवयीनं बाजेखाली वाकली.

"शेगडी?"

"ओट्यावर हाय," सारजाबाई बाळाचं टोपरं सारखं करत म्हणाली. "तुमाला शेकायचं आसंल तर तिच्यापाशी बसा."