घोड्याला पाणी कोणी पाजलं?

कलावतीला एका माणसाला एकच गोष्ट विचारायची होती, आणि त्यासाठी तिने बारा वर्षं घालवली. मी बारा मिनिटांत विचारून मोकळा झालो असतो. पण मी पडलो वाचनालयाच्या काउंटरवर बसणारा केदार. माझ्या डोक्यात तारखा आणि कार्डं असतात. तिच्या डोक्यात कायम घोडेस्वार असायचे.

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडजवळ एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आमचं वाचनालय होतं. कलावती पुस्तकं घरपोच करायची. दोन खांद्यांना दोन कापडी पिशव्या, पायात स्लीपर, चाल संथ. रिक्षावाले हॉर्न वाजवून दमायचे, पण बाई आपल्या तंद्रीत रस्ता ओलांडायच्या. गाव देवरुखकडचं, शिक्षण सातवी, नवरा मारुती एका कारखान्यात फिटर. कामावर ठेवताना मी विचारलेलं, वाचता येतं ना? म्हणजे दारावरच्या पाट्या आणि पत्ते. ती पुस्तकंही वाचते हे मला चार वर्षांनी कळलं, तेही भांडणातून.

झालं असं की कुणीतरी सभासद आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर पेन्सिलने शेरे लिहायचा. अक्षर बारीक, डावीकडे कललेलं. शेरा सापडला की मी खोडरबर घेऊन बसायचो आणि त्या सभासदाच्या नावाने बोटं मोडायचो. एकदा असाच बसलो असताना कलावतीने माझ्या हातातलं पुस्तक चक्क ओढून घेतलं.

"दादा, हे नका खोडू."

"का? पुस्तक काय त्याच्या बापाचं आहे?"

"तुम्ही वाचा तरी आधी काय लिहिलंय."

मी वाचलं. ऐतिहासिक कादंबरी होती, नायक एका रात्रीत चाळीस कोस दौड मारून किल्ला जिंकतो ती. खाली लिहिलं होतं, 'किल्ला घेतला, छान झालं. घोड्याला पाणी कोणी पाजलं?'

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. काउंटरवरच्या माणसाला काही मान असतो. कलावती मात्र एकेक शेरा तोंडपाठ म्हणून दाखवायला लागली. गुप्तहेराच्या कादंबरीवर, 'खुनी सापडला. आता त्या घरात झोपायचं कुणी?' ज्या कादंबरीवर पुढे सिनेमा आला आणि नायक नायिकेसाठी दहा जणांना लोळवतो त्या कादंबरीवर, 'हिच्यासाठी मारामारी केली म्हणतो. हिला विचारलं होतं का?' आणि एका साध्या गोष्टीवर, जिच्यात म्हातारा शिक्षक बुडणाऱ्या पोराला वाचवताना जातो, तिथे एवढंच, 'हा खरा. उडी मारण्याआधी चष्मा काठावर ठेवला, म्हणजे परत यायचं होतं त्याला.'

"तू वाचतेस कधी हे सगळं?" मी विचारलं.

"गुरुवारी. शीळफाट्याला."

गुरुवार म्हणजे बाळकुमची फेरी. आनंद गुप्ते नावाचे आमचे जुने सभासद डोंबिवली सोडून बाळकुमच्या टॉवरमध्ये राहायला गेले, पण सभासदत्व सोडेनात. डोंबिवलीच्या वाचनालयाने ठाण्यात पुस्तक पोचवायचं हा शुद्ध वेडेपणा, असं मी म्हटलेलं. कलावतीने तो वेडेपणा आपणहून अंगावर घेतला. शीळफाट्यावरून ठाण्याची बस, तिथून दुसरी बाळकुमची. शीळफाट्याला बस अडकली की अर्धा तास, कधी तास. अख्खा ठाणे जिल्हा त्या चौकाला शिव्या घालतो. कलावती एकटीच तिथे सुखात असायची. खिडकीशी बसायची, पुस्तक उघडायची, आणि कंटेनर, डंपर, टँकर यांची ती न हलणारी रांग हळूहळू सैन्याचा तळ होऊन जायची. धुळीतून भगवे झेंडे, पांढरे घोडे यायचे. पुलाच्या अर्धवट खांबांवर कुणी राजपुत्र हात टेकून उभा असायचा. ती मला हे सगळं अगदी शांतपणे सांगायची, भाजीचा भाव सांगावा तसं. "आज तो दिसला दादा. टोलनाक्याच्या अलीकडे. दमलेला वाटला."

आणि शेरे लिहिणारा कोण हेही तिने शोधून काढलं. शेरे फक्त बाळकुमहून परत आलेल्या पुस्तकांत असायचे. म्हणजे गुप्ते साहेब! उंच, भरघोस मिशा, आवाज असा की लिफ्टमधून उतरताच ऐकू यावा. ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर 'नायक आणि त्याचं शौर्य' अशी त्यांची भाषणं व्हायची. त्या दिवसापासून गुरुवारी कलावतीच्या अंगावर ठेवणीतली जांभळी साडी दिसू लागली. मी चिडवायचो, "गुरुवार आला वाटतं!" ती म्हणायची, "काहीतरीच काय दादा," आणि पदर नीट करायची.

प्रेमबिम नव्हतं ते, मला माहीत आहे. वेगळंच काही होतं आणि मला त्याचं जरा वाईटही वाटायचं. पुस्तकं वाहणाऱ्या बाईशी पुस्तकाबद्दल कधी कुणी बोलत नाही. शेकडो घरांत तिने नायक पोचवले, पण कसं वाटलं गं तुला, असं एकाही दारात कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही. तिच्याशी बोलत होती ती फक्त ती पेन्सिल. त्या पेन्सिलीच्या माणसाशी एकदा समोर बसून बोलावं, एवढीच तिची इच्छा होती. दर गुरुवारी ती ठरवून जायची. साहेब दारात यायचे, जुनं पुस्तक द्यायचे, नवं घ्यायचे, नायकावर दोन वाक्यं बोलायचे. ती मान वर करून ऐकायची आणि शेऱ्यांबद्दल काही न विचारता परत यायची.

मग यंदा इमारत पुनर्विकासाला गेली. वाचनालय बंद करायचं ठरलं, पुस्तकं एका शाळेला द्यायची. कलावती रडली नाही. तिने एक कादंबरी माझ्यासमोर उघडली.

"दादा, यात काहीच नाही लिहिलेलं."

कैदेतून सुटलेला एक सरदार कितीतरी वर्षांनी घरी येतो, दारात उभा राहतो, तिथे कादंबरी संपते. खाली शेरा नव्हता. नुसती पेन्सिलची छोटीशी रेघ होती, ओढायला घेतलेली आणि सोडून दिलेली.

"बारा वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली. "एवढा जिवंत परत आला तो, आणि त्याच्याबद्दल बोलावंसं वाटलं नाही? आता विचारते मी. आता नाही विचारलं तर कधी विचारणार?"

शेवटच्या गुरुवारी गुप्त्यांकडची सगळी पुस्तकं आणायची होती, ओझं जास्त, म्हणून मीही गेलो. शीळफाट्याला बस अडकली. ऊन पिवळं होतं. मी घड्याळ बघून चरफडत होतो. ती कादंबरी मांडीवर ठेवून बाहेर बघत होती. धूळ उडाली, मागून कुठूनतरी एक टँकर हंबरल्यासारखा वाजला, आणि शपथेवर सांगतो, क्षणभर मलाही वाटलं की त्या गाड्यांच्या मधून कुणीतरी लगाम हातात धरून पायी चाललंय. मी चष्मा पुसला. कलावतीने माझ्याकडे बघून मान हलवली, दिसला ना, अशी.

बाळकुमला गुप्ते साहेबांनीच दार उघडलं. आम्हाला आत बोलावलं. कलावती आत गेली ती बारा वर्षांत पहिल्यांदाच, आणि सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. मग तिने पुस्तक उघडून पुढे केलं.

"साहेब, यावर तुम्ही काही लिहिलं नाहीत. का?"

"लिहिलं? पुस्तकात?" साहेबांच्या मिशा वर गेल्या. "छे छे! पुस्तकात लिहिणं म्हणजे गुन्हा आहे बाई. आणि खरं सांगू का, मी हल्ली पहिलं आणि शेवटचं प्रकरण चाळतो, भाषणापुरतं. वाचते ती चित्रा. दुपारची, ओटा आवरल्यावर."

कलावतीचा चेहरा पडला. कट्ट्यावरचा तो उंच माणूस, ती जांभळी साडी, ते बारा वर्षांचे गुरुवार, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार. मला तर साहेबांची मिशी ओढावीशी वाटली.

इतक्यात आतून साहेबांच्या पत्नी चित्राबाई आल्या. बुटक्या, सुती साडी, हातात ताट, ताटात पाण्याचे दोन स्टीलचे पेले. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली.

"घ्या कलाताई," त्या म्हणाल्या. "आज उशीर झाला. शीळफाटा?"

कलावतीने पेला घेतला, पण प्यायली नाही. ती त्या पेन्सिलीकडे बघत होती. नंतर बसमध्ये ती मला म्हणाली, दादा, बारा वर्षं प्रत्येक गुरुवारी त्या बाईने मला दारात पाणी दिलं. मी पेला घ्यायचे, आणि बघायचे साहेबांकडे. तोंड आठव म्हणाल तर मला वहिनींचं तोंड आठवलं नसतं. हे बोलताना तिला मनापासून लाज वाटत होती.

पण तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वहिनी, हे तुम्ही लिहिता?"

चित्राबाई चोरी पकडल्यासारख्या हसल्या. नवऱ्याकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघितलं. "सवय लागलीय. कुणाशी बोलणार? वाचणारं कुणी असेल असं वाटलंच नव्हतं."

"मी वाचते. सगळे वाचलेत. घोड्याचा पण."

चित्राबाई ताट बाजूला ठेवून तिच्या शेजारी सोफ्यावर बसल्या. साहेब काहीतरी बोलायला गेले, मी त्यांना खुणेने गप्प केलं. खाडीकडून वारा आला, पडदा फुगला आणि बसला.

"आणि हा?" कलावतीने शेवटच्या पानावरच्या रेघेवर बोट ठेवलं. "हा घरी आला, तर त्याच्याबद्दल काहीच नाही?"

चित्राबाईंनी पुस्तक जवळ घेऊन बघितलं. "अगं हो की! लिहायला घेतलं आणि बेल वाजली. तुम्ही आला होतात. पेन्सिल अंबाड्यात खोचली, पाणी आणायला उठले. येईपर्यंत यांनी पुस्तक तुमच्या पिशवीत टाकलेलं."

कलावतीने पेला तोंडाला लावला आणि एका दमात संपवला. चित्राबाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून तिच्यापुढे धरली. कलावतीने माझ्याकडे बघितलं. खोडरबर माझ्या शर्टाच्या खिशात होतं, सवयीने. मी छतावरचा पंखा बघू लागलो.

तिला वेळ लागला. सातवीनंतर तिने सहीशिवाय फारसं काही लिहिलं नव्हतं. ते पुस्तक आता त्या शाळेत आहे. शेवटच्या पानावर, त्या सोडून दिलेल्या रेघेच्या पुढे, मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलंय, 'दर गुरुवारी मिळालं पाणी.'