वैशालीची गुंतवळ

वैशाली गेल्याचा फोन दुपारी आला, तेव्हा तिची सहा वर्षांची आर्या माझ्याच घरी टीव्हीसमोर जेवत होती. तिचं ते चिनी वानराचं कार्टून लागलं होतं. फोनवर तिचे बाबा. "वहिनी, संपलं सगळं..." एवढंच म्हणाले. तिला मीच सांगू का, हे विचारायचंही मला सुचलं नाही. मी तिला पुढचा घास भरवला...

इथे आखातात, अल कुसैसला आमची दारं समोरासमोर. मी चौथी शिकलेली, लिफ्टमध्ये कुणी बोललं तरी खाली बघणारी. वैशाली ऑफिसवाली. तरी तिनेच मला वहिनी केलं आणि लेक माझ्याकडे सोडायला लागली. संध्याकाळी न्यायला आली की दारातूनच विचारायची, आज माकडाने काय दिवे लावले? मग आर्या इंग्रजीत सगळं सांगायची. तो वानर देवांच्या बागेतली फळं चोरतो. अडचणीत सापडला की आपलेच केस उपटून फुंकतो, आणि केसागणिक एकेक वानर उभा राहतो.

पुढे वैशालीची ट्रीटमेंट सुरू झाली. केस हातात यायला लागले. विंचरून मीच द्यायचे. आमच्यात गुंतवळ घरात ठेवत नाहीत, तिच्यावर थुंकून बाहेर टाकतात. मी टाकायला निघाले तर आर्या आडवी आली. तिला ती हवी होती. फुंकली की खूप मम्मा होतील, एक हॉस्पिटलला जाईल, एक घरी राहील. मी वैशालीकडे पाहिलं.

"द्या तिला, वहिनी," ती हसून म्हणाली. "एकीला ऑफिसलाही पाठवू." मग भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून राहिली.

आर्याने गुंतवळ कंपासपेटीत ठेवली. लगेच फुंकली मात्र नाही. आत्ता कशाला, मम्मा आहे ना, असं तिचं म्हणणं.

वैशालीला जाऊन आता महिना होऊन गेला. तिच्या बाबांनी त्याच संध्याकाळी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं. ती आता फुंकेल, या भीतीने मी रोज तिच्याकडे बघत राहायचे. परवा न राहवून विचारलं, फुंकणार का म्हणून.

"नो, काकू," ती हळूच म्हणाली. "इफ शी डझन्ट कम?"

शाळेतून आली की ती पेटी उघडते, श्वास रोखून आत बघते आणि मिटते. तिने दप्तरात हात घातला की मी उठते, आधी एसीचा झोत बंद करते.