जुनंच नाव, जुनाच पासवर्ड

इंटरनेटच्या ऑफिसात किस्से आपोआप साठतात. लोक फोन करतात नेटबद्दल बोलायला आणि सांगून जातात घरातलं. पापडीच्या आमच्या ऑफिसात मी बरीच वर्षं तक्रारी ऐकतोय. पण जुनी केबल काढून फायबर टाकायला घेतली आणि जे ऐकू यायला लागलं, त्याला तक्रार तरी कसं म्हणायचं!

सुरुवातीलाच भुईगावच्या सेसिल मावशी ऑफिसात आल्या. त्यांचा मुलगा विल्सन मालवाहू जहाजावर कामाला होता. भर समुद्रात तो डेकवरून नाहीसा झाला. शोध थांबवल्याचं कंपनीने कळवलं. मुलगी लवीना म्हणत होती, भावाच्या आत्म्याच्या शांतीसाठी चर्चमध्ये मिस्सा ठेवू या. मावशी तयार नव्हत्या.

मला म्हणाल्या, "नवीन डबा लावा, पण वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा. तो गेटात आला की त्याचा फोन आपोआप लागला पाहिजे."

तशी आमची पद्धतच आहे. नाव-पासवर्ड तेच ठेवले की घरातले सगळे फोन गुपचूप जोडले जातात आणि आम्हाला कोणी फोन करत नाही. मी मावशींना तसं सांगितलं. आमचा लाइनमन दिनेश कशावरही विनोद करतो. त्या दिवशी तो वायर गुंडाळत बसला.

*

गोखिवऱ्यात एकाचा लेथ मशीनचा गाळा आहे. गाळ्यातला कॅमेरा तो घरी बसून मोबाईलवर बघतो. पूर्वी चित्र अडकत अडकत यायचं. फायबर लागल्यावर त्याने खास फोन करून शाबासकी दिली, सिनेमासारखं दिसतंय म्हणाला.

दोनच दिवसांनी परत फोन. स्पीड कमी करा.

लोक वाढवायला भांडतात, हा कमी करायला! का, तर म्हणे गाळा बंद केल्यावर आतलं स्टूल आपोआप इकडून तिकडे फिरतं. वारा असेल, असं दिनेशने सुचवून पाहिलं.

"लोखंडी आहे," तो म्हणाला. "पूर्वी अडकत होतं ना, तेच बरं होतं."

आम्ही स्पीड कमी करून दिला. त्यानंतर त्याची एकही तक्रार नाही.

*

पापडीतल्या मेरी टीचर रिटायर झाल्यापासून एकट्या राहतात. त्यांचा भाऊ कॅनडात, तोही एकटाच. दर रविवारी चर्चहून आल्या की व्हिडिओ कॉल. पूर्वी आवाज तुटायचा, तोंड एकीकडे आणि शब्द दुसरीकडे. नवीन लाइनवर त्याच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू यायला लागली.

एका रविवारी टीचरनी विचारलं, "तुझ्या मागे कोण खोकतंय रे?"

घरात कोणी नाही, असं भाऊ म्हणाला. मग स्क्रीनकडे निरखून बघायला लागला.

"ते राहू दे," तो म्हणाला. "तुझ्या मागे कोण उभं आहे, ते सांग."

दुसऱ्या दिवशी टीचर ऑफिस उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसल्या होत्या. दुपारपर्यंत बसल्या. तक्रार काहीच नव्हती.

*

फायबर कुठे तुटली हे शोधायला आम्ही एका टोकातून लाल प्रकाश सोडतो. जिथे तुटली असेल तिथे तो बाहेर दिसतो. भुईगावात एकदा असा प्रकाश सोडला आणि शोधत शोधत संध्याकाळ झाली. शेवटी एका वाडीत, विहिरीजवळच्या केळींच्या बुंध्यात लाल ठिपका दिसला. आमच्याआधी तो गावातल्या बायकांना दिसला होता. तिथे मेणबत्ती लावून तिघी गुडघे टेकून बसल्या होत्या.

दिनेशने टोपी काढली, प्रार्थना संपेपर्यंत थांबला आणि मग वायर जोडली. प्रकाश गेला. मेणबत्ती अजून दर शुक्रवारी लागते.

*

त्याच वाडीजवळच्या गल्लीत शेवटी सेसिल मावशींच्या घराची पाळी आली. तोवर घरात तडजोड झाली होती. नवीन नेट लागू दे, तरी विल्सनचं काहीच आलं नाही तर रविवारी मिस्सा ठेवायची. आम्ही गेलो तो शनिवार होता.

दिनेश शिडीवर चढला. ऑफिसातून मिळालेलं पिवळं हेल्मेट त्याने त्या दिवशी पहिल्यांदा घातलं होतं. अंगण उतरतं, म्हणून गेटकडे पाठ करून मी दोन्ही हातांनी शिडी धरून उभा राहिलो. वायर आत घेतली, डबा लावला. नाव जुनंच, पासवर्ड जुनाच.

लवीनाने टीव्ही लावला. विल्सनने फोनमध्ये काढलेले फोटो या टीव्हीवर आपोआप यावेत, अशी सोय त्यानेच केली होती. जुन्या लाइनवर ते कधी नीट उघडलेच नाहीत. आता एकामागोमाग यायला लागले. जहाजाचा कठडा, भाताचं ताट, समुद्र. प्रत्येक फोटो एका बाजूला कललेला.

"लहानपणापासून वाकडेच काढतो," मावशी म्हणाल्या.

"जुनेच आहेत, मम्मी," लवीना हळूच म्हणाली. "अडकून राहिलेले. स्पीड वाढला म्हणून आले."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. असं होतं, मी म्हणालो. खरंच होतं.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "ठीक आहे. उद्या ठेव मिस्सा."

तेवढ्यात टीव्हीवर आणखी एक फोटो आला. गेटाबाहेरून काढलेला, कललेला. त्यात हेच अंगण होतं. भिंतीला शिडी, शिडीवर पिवळं हेल्मेट, आणि खाली पाठमोरा एक माणूस, दोन्ही हातांनी शिडी धरून. शर्ट माझा होता.

दिनेशने डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं. लवीना धावत गेटापर्यंत गेली, गल्लीत दोन्हीकडे बघितलं आणि परत आली. तिने नकारार्थी मान हलवली.

मावशी उठल्या. चेहरा अगदी शांत होता.

"फादरना फोन कर," त्या लवीनाला म्हणाल्या. "मिस्सा नको म्हणून सांग."

आम्ही सामान उचललं आणि निघालो. दारापर्यंत पोहोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"जाताना गेट लावू नका."