खंडेनवमीला बसवलेलं अपडेट

मला दम धरवत नाही. चूल पेटायच्या आत मी ताटावर बसतो, असं आई म्हणते आणि ते खरंच आहे. अमरावतीच्या मेहुण्याच्या फोनवर नवी सिस्टीम आली. माझा फोन अगदी तसाच, पण मी रोज सकाळ-संध्याकाळ तपासलं तरी 'तुमचा फोन अद्ययावत आहे' एवढंच. डोकं फिरलं.

"येईन ना जी चार-आठ दिवसांत, काहून घाई करून राहिले?" मेहुणा म्हणाला. पण मी त्याच्याच घरी बसून, त्याच्याच इंटरनेटवर ती भलीमोठी फाईल उतरवली, मॉडेलचा नंबर पुन्हा पुन्हा जुळवून पाहिला आणि फाईल फोनमध्ये भरून मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावी परतलो.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आम्ही झेंडूवाले. दसरा सरला की झेंडूकडे गायसुद्धा बघत नाही, म्हणून फुलं दसऱ्याच्या सकाळी बाजारात पोचलीच पाहिजेत. पहाटेपासून तोडून अंगणात ढीग लावला होता. अकोल्याचा व्यापारी दुपारी निघताना फोन करणार होता. रस्त्यावर अजून चिखल होता, त्यामुळे त्याची गाडी गावात येत नव्हती. फोन आला की फुलांचे क्रेट खांद्यावरून फाट्यावर न्यायचे, असं ठरलं होतं. त्याचा नंबर फक्त माझ्या फोनमध्ये आणि त्याच्याकडेही फक्त माझाच.

शहाण्या माणसाने त्या दिवशी फोनला हात लावला नसता. मी मात्र तो चार्जरला लावला, सेटिंगमध्ये शिरलो, ती फाईल निवडली आणि 'इन्स्टॉल' दाबलं. 'फोन बंद करू नका' अशी ताकीद आली. खाली पट्टी सरकू लागली. थोडी सरकली आणि थबकली. मी खोलीत येरझारा घातल्या, अंगणात जाऊन फुलांवर पाणी शिंपडलं, परत आलो. पट्टी तिथेच. बाहेर बाबा हसले, "उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग!"

पुन्हा आत येऊन पाहतो तर फोन नाही. चार्जरची वायर नुसतीच लोंबत होती.

देवघरापुढे आईने पाट मांडला होता. त्यावर विळे, कुदळ, फवारणीचा पंप, वजनकाटा आणि सगळ्यांच्या मधोमध माझा फोन, काळाठिक्कर. त्यावर हळद-कुंकवाची बोटं उमटलेली.

"आई! तो चालू होता ना!"

"म्हणूनच काढला. आज हत्यार चालवाचं नसते. याच्यावरच तं तुहा सारा धंदा हाय. मंग पूजा नको त्याची?"

मी हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला. आमच्या घरी पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत कोणी उचलत नाही. बाबासुद्धा नाही.

मला तिचा इतका राग आला की सांगता सोय नाही. पूजा नेहमीपेक्षा लांबली. मी टाळ्या वाजवत होतो आणि नजर त्या काळ्या काचेवर. फोन मेला असेल तर? व्यापारी आत्ता, ह्या घडीला लावत असेल तर? तो दुसऱ्याचा माल भरून निघून जाईल आणि अंगणातला ढीग उद्या उकिरड्यावर. आई मात्र शांतपणे हात जोडून उभी. मध्येच वाकून तिने फोनवर आणखी एक फूल ठेवलं. पंपावर नाही, काट्यावर नाही, फोनवरच. मी दात आवळले.

आरती संपता संपता फूल हललं. खाली उजेड दिसला. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं, पुन्हा आलं. मग नवं घड्याळ दिसलं आणि लगेच फोन वाजला. फोनचं लॉक अजून उघडलं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं, नुसता नंबर.

आईने माझं मनगट धरलं. "उचलू नको!" आणि मग हळूच, "खाली वाकून बोल. बोलाले कोण नाही म्हणते?"

मी पाटापुढे साष्टांग पडलो, बोटाने हिरवं चिन्ह सरकवलं आणि स्पीकर लावला.

"दादा, कवाचा लावून राहिलो, बंदच दाखवते," व्यापारी म्हणाला. "गाडी आज नाही निघत. घरवालीनं पूजेत मांडली, चाक फिरवू देऊन नाही राहिली. उद्या उजाडाच्या आत फाट्यावर येतो. फुलं तेवढी ओली ठेवा."

मी पालथ्याचा उठलोच नाही. तिथेच हसत पडून राहिलो. बाबाही हसले. आई हसली नाही. ती भिंतीला टेकून खाली बसली, पदराने तोंड पुसलं.

"म्या वायर काढली अन् तो काळा पडला, बाबू," ती म्हणाली. "मले वाटलं, म्याच मारला. आता फुलाईचं कसं होईन? पूजेत ध्यानच नव्हतं माहं."

अपडेट होताना फोन आपोआपच काळा होतो, मग उठतो, तू काही केलं नाहीस, असं मी तिला सांगितलं. तिने दोनदा विचारून घेतलं. मग आम्ही दोघं फुलांवर पाणी शिंपडायला अंगणात गेलो.