लाल खडक

ताज्या फुटलेल्या दगडाचा वास आला की भूविज्ञानाच्या बाई आठवतात. माझ्यावर सर्वांत मोठे उपकार त्यांचे. पुण्यात सॉफ्टवेअर कंपन्या येत होत्या, मलाही बोलावणं आलं होतं. घरातला पहिला पदवीधर मी. मी तिथेच जावं, असं वडिलांना वाटे. मी तिकडे जातोय असं सांगताच बाईंनी बारीक भोकं पडलेला लाल खडकाचा तुकडा माझ्या हातात ठेवला. “या भोकांतली गारगोटी कुठे गेली?” “खोलातल्या गरम पाण्यानं विरघळवून नेली, बाई.” “आणि ते पाणी तिच्या जागी काय ठेवून गेलं?” “युरेनियम.” “अहो विद्वान, एवढं कळतं आणि कॉम्प्युटरपुढे बसणार? बसा मग!” मी युरेनियम शोधण्याची नोकरी धरली. पहिल्याच हिवाळ्यात राजस्थानातून त्यांना लिहिलं : “बाई, लाल खडक सापडला. युरेनियम नाही. उद्या पलीकडची टेकडी बघतो.”