धवलेरीची लेक

त्या बाईने माझ्या ताटाशेजारचा काटा आणि चमचा उचलून नेला. बाकी सगळ्यांचे जागेवर राहू दिले.

"तू हाताने खा," ती म्हणाली. "मुलांनी कधी बघितलं नाही."

रविवारची दुपार. अमेरिकेतलं एक थंड गाव. टेबलाभोवती नवरा-बायको, त्यांची चार मुलं, मी आणि माझ्याबरोबर धर्मप्रचाराला फिरणारी जोडीदारीण. ताटात उकडून कुस्करलेला बटाटा, वर तपकिरी रस्सा. मोठ्या मुलीने माझ्यासमोर मोबाइल धरला. जोडीदारणीने डोळ्यांनी खुणावलं, हस. मी हसले. बटाटा बोटांनी कालवला आणि खाल्ला. रस्सा मनगटापर्यंत ओघळला. सगळ्यात धाकटं पोर म्हणालं, "परत कर." मी परत केलं.

हाताने खाण्यात कमीपणा कसला? आमच्या पाड्यावर सगळे हातानेच जेवतात, मीही जेवते. पण चमचा नसणं वेगळं आणि समोरचा चमचा काढून घेणं वेगळं. हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी हसतच खाल्लं.

जेवण झाल्यावर ती बाई म्हणाली, "आता तुझी गोष्ट सांग."

त्या गोष्टीसाठीच तर आम्हाला जेवायला बोलावलं होतं.

मी भिवंडी तालुक्यातली. अकलोलीच्या पुढे आमचा वारल्यांचा पाडा आहे. बारावीनंतर मी दापोड्याच्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला लागले. खोक्याला टेप मारायची, स्टिकर लावायचा, खोकं पुढे सरकवायचं. सुपरवायझर बाकी पोरींना नावाने हाक मारायचा. मला म्हणायचा, "ए जंगल." मी त्यालाही ओ द्यायची.

लोक ज्याला मॉर्मन म्हणतात त्या पंथाची सभा भिवंडीत एका भाड्याच्या हॉलमध्ये भरायची. तिथे फुकट इंग्रजी शिकवतात म्हणून माझ्याबरोबरची एक पोरगी जायची. तिच्यासोबत मीही गेले. पहिल्याच दिवशी एका बाईने माझा हात हातात घेतला, मला सिस्टर म्हटलं, अहो-जाहो केलं. मला कुणी पैसे दिले नाहीत, तांदूळ दिले नाहीत, औषधाची बाटली दिली नाही. एक सिस्टर म्हटलं आणि मी त्यांची झाले. हे आधीच सांगून ठेवते, पुढे त्याचं काम आहे.

एकविसाव्या वर्षी त्यांनी मला सेवेला पाठवलं. अठरा महिने. छातीवर काळा बिल्ला, त्यावर आडनाव. जोडीने राहायचं, जोडीदारीण नजरेआड होता कामा नये. दारं ठोठावायची आणि साक्ष द्यायची. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते लोकांपुढे सांगणं. माझी साक्ष साधी होती. प्रार्थना केली की मला बरं वाटतं, एवढंच मी सांगायची. लोक जांभया द्यायचे.

जोडीदारीण तिथलीच, चांगल्या घरातली. एकदा तिने विचारलं, "तुझी आई काय करते?"

मी सांगितलं, आये धवलेरी आहे. आमच्यात लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते. बाया भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात आणि ती त्याच्यासमोर बसून गाते. तिचं गाणं पुरं होईपर्यंत लग्न लागलं असं कुणी म्हणत नाही. बाप्ये हात जोडून उभे राहतात. हे सगळं मी हौसेने सांगितलं. जोडीदारीण ऐकत होती, पण तिच्या मनात काहीतरी शिजत होतं.

पुढच्या घरात ती म्हणाली, "हिची आई चेटकीण होती. भुतांना बोलवायची."

मी तिच्याकडे बघितलं. समोरच्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने माझे दोन्ही हात धरले. बाहेर आल्यावर जोडीदारीण म्हणाली, "बघितलंस? हे पोचतं."

त्याच्या पुढच्या घरात ते मीच बोलले.

लाज वाटते. पण लिहिते. कुणी माझ्या गळ्याला सुरी लावली नव्हती. मी स्वतः त्यात भर घातली. आम्ही नागडे फिरायचो, असं मी म्हणाले. अकलोलीच्या कुंडाचं गरम पाणी, ज्यात आये मला तापात अंघोळ घालायची, ते सैतानाचं पाणी म्हणाले. त्यांच्या पुस्तकात आईला चेटकीण म्हणा असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही दोघींनी केलं.

आठवड्यातून एकदा घरी फोन करायची मुभा होती. आये शेजारणीच्या मोबाइलवर दिसायची.

"तिकडं लगीन कोन लावतं गो?" तिने विचारलं.

"बाप्ये."

"आन बाया?"

"बसतात."

ती खूप हसली. मला हसता आलं नाही.

चमच्याच्या त्या दुपारनंतर माझ्या मनात पाल चुकचुकायला लागली. मी लोकांची तोंडं बघायला लागले. मी बोलायच्या आधीच त्यांची रडायची तयारी झालेली असायची. मग हे कुणासाठी रडतात? माझ्यासाठी रडत असतील तर मी हसून काही सांगितलं की यांची तोंडं का उतरतात? गोड बोलणाऱ्या प्रत्येकाच्या मागे काय आहे ते मी बघू लागले. माझ्या स्वतःच्या आवाजाचाही संशय यायला लागला. तरी अठरा महिने पुरे केले, हेही खरं.

परत आले. सेवेवरून आलेल्याने आपल्या सभेत उभं राहून अनुभव सांगायचा, असा रिवाज आहे. भिवंडीच्या सभेचे जे प्रमुख होते त्यांना सगळे साहेब म्हणायचे. त्या रविवारी बाहेरदेशाहून दोन पाहुणे येणार होते. साहेब म्हणाले, "आईलाही आणा."

आये तिची ठेवणीतली साडी नेसून आली. गोल नेसलेली, पदराला पिन लावलेली. केसांना तेल. अशी ती मलासुद्धा क्वचित दिसते. साहेबांच्या बायकोने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "यांना त्यांचं नेहमीसारखं नेसायला सांगा ना, गुडघ्यापर्यंत खोचून. पाहुण्यांना ओरिजिनल बघायचंय."

मी काही बोलायच्या आत आयेने ऐकलं.

"नेसते की," ती म्हणाली. "तुझ्या कामाचं हाय ना?"

ती हॉलच्या बाथरूममध्ये गेली. पिना काढल्या, साडी वर खोचून कासोटा घातला आणि उघड्या पोटऱ्यांनी येऊन पहिल्या रांगेत बसली. पाहुण्याने मोबाइल वर केला. आये हसली. माझं हसू. मी त्या टेबलावर हसले होते तसंच.

माझ्या हातात साहेबांनी लिहून दिलेला कागद होता. मी मराठीत वाचायचं, ते पाहुण्यांना इंग्रजी करून सांगणार. पहिलंच वाक्य होतं, माझी आई चेटकीण होती. इंग्रजीत हे वाक्य मी किती घरांत बोलले त्याला गणती नाही. मराठीत एकदाही बोलले नव्हते. समोर आये होती आणि तिला मराठी कळतं.

मी कागदाची घडी घातली.

"ही माझी आये," मी म्हणाले. "धवलेरी आहे. आमच्या पाड्यांवरची लग्नं हिने लावलीत. अठरा महिने मी हिला चेटकीण म्हणाले. ते खोटं होतं."

साहेब पाहुण्यांकडे बघायला लागले.

"याचं इंग्रजी करा," मी म्हणाले.

त्यांनी केलं नाही. मग मीच केलं. पाहुण्याने मोबाइल खाली घेतला. मी आयेचा हात धरला आणि बाहेर आले.

रिक्षात ती रस्त्याकडे बघत होती.

"चेटकीन म्हनलीस?"

"हो."

"मना?"

"हो."

अकलोलीला ती माझ्या आधी रिक्षातून उतरली. घरी गेल्यावर तिने कासोटा सोडला, साडीची घडी घातली आणि पेटीत ठेवली. ती साडी तिने अजून बाहेर काढलेली नाही.

गोष्ट इथे संपली असती तर मी शूर ठरले असते. पण बातमीला पाय फुटतात. आठवड्याने गावातल्या पाटलाचा पोरगा, धर्माच्या नावाने मिरवणुका काढणारा, आमच्या दारात आला. त्याच्या घरी आये भात लावायला जाते. तिथे तिच्या चहाचा कप वेगळा असतो, गोठ्याच्या वळचणीला खोचलेला. हा पोरगा तिला आजवर "ए म्हातारे" म्हणत आला. त्या दिवशी तो बाजेवर बसला आणि म्हणाला, "मावशी, बरी हायस ना?"

मी लगेच ओळखलं, कुठेतरी पाणी मुरतंय.

"बरं झालं तू आपल्यात परत आलीस," तो मला म्हणाला आणि मोबाइल काढला. "आता सांग, तुला कसं फशिवलं. काय काय आमिष दाखिवलं. मावशीला पन बाजूला बसव. त्या खोचलेल्या लुगड्यात."

तेच लुगडं यालाही हवं होतं.

"मला कुणी आमिष दाखवलं न्हाय," मी म्हणाले.

"मग तू त्यांचीच."

"न्हाय."

"मग हायस कुनाची?"

"तुझ्या घरी आयेचा कप कुठं ठेवतात ते आधी मोबाइलवर सांग," मी म्हणाले. "मग माझं विचार."

तो उठला. जाताना म्हणाला, या वर्षी आवणीला, भात लावायला येऊ नका. आये उंबऱ्यात बसून ऐकत होती. तिचं हातचं काम माझ्यामुळे गेलं. तिने मला शाबासकी दिली नाही, शिवीही दिली नाही. चूल पेटवायला उठली.

ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिने बोलावं म्हणून मी हे लिहिलेलं नाही. मी आता त्या हॉलमध्ये जात नाही आणि पाटलाच्या पोराच्या मिरवणुकीतही जात नाही. प्रार्थना करते की नाही, हे कुणाला सांगणार नाही. कुणी गोड आवाजात म्हणालं, तुझी गोष्ट सांग, की मी आधी टेबलाकडे बघते. माझा चमचा जागेवर आहे का?

आयेबद्दल मी खोटं बोलले होते, तेवढं खरं इथे लिहून ठेवलं. आता बस. ज्याला ती बघायची असेल त्याने लग्नसराईत आमच्या पाड्यावर यावं. मोबाइल बंद करावा, चपला काढाव्या, चौकासमोर जमिनीवर बसावं आणि तिचं गाणं पुरं होईपर्यंत गप्प राहावं. माझ्या तोंडून ती यापुढे कुणालाही मिळणार नाही.