पानं मोजणारा

अठ्ठ्याण्णव सालच्या चैत्रात एक तरुण पुण्याहून येऊन मिरजगावात खोली घेऊन राहिला होता. रोज सकाळी सायकलवर तीन पायांचं तिकाटणं लादून आमच्या वावराशेजारच्या वनखात्याच्या रानात यायचा. तिकाटण्यावर लेसरचं यंत्र बसवून एकाच कडुनिंबावर रोखायचा. हाक मारली, तर डोळा न काढता म्हणायचा, “काका, एकच मिनिट.” ते मिनिट अर्धा तास चालायचं.

“करता तरी काय तुमी?” मी एकदा विचारलंच.

“पालवी मोजतो. पान नसेल तिथून किरण पार जातो, पान फुटलं की अडतो.”

पानं मोजायला कोण पगार देतं? तिकाटणं आलं म्हणजे जमिनीची मोजणी आली, एवढं आम्हाला कळत होतं. आणि माझा बांध तर दरसाल नांगराच्या तासातासानं वनखात्याच्या हद्दीत सरकत गेला होता.

त्याचं खरंखोटं करायचं म्हणून एका संध्याकाळी मी त्या कडुनिंबाची एकच बारकी फांदी तोडून शेळीला घातली.

सकाळी त्यानं यंत्राला डोळा लावला, झाडाकडं पाहिलं आणि पुन्हा डोळा लावला. मग म्हणाला, “काका, काल इथं एक फांदी होती.”

“वाऱ्यानं मोडली आसंल.”

त्यानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडं नीट पाहिलं. “असेल. तुमचा बांधही वाऱ्यानंच सरकतोय वाटतं.”

तो खरंच पानं मोजत होता का, याची मला आजही खात्री नाही. नांगर मात्र तेव्हापासून मी दोन हात अलीकडूनच वळवतो.